एकाच घरात एकाला डोपामिन कमी आणि दुसऱ्याला जास्त, हे कसं?

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. वडील ७१ वर्षांचे, पाच वर्षं कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामिन कमी पडलंय. आतेभाऊ २४ वर्षांचा, त्याला स्किझोफ्रेनिया. त्याचे डॉक्टर म्हणाले, डोपामिन वाढलंय. आता त्याचेही हात थरथरतात आणि आत्या म्हणते, हा रोग घराण्यातच आहे. त्यात महिनाभर वडिलांना तिन्हीसांजेला सोप्यात लहान मुलं बसलेली दिसतात. रक्त तपासून डोपामिनची लेव्हल कळते का, ती सारखी करता येते का, खायला काय घालावं, आणि मोबाईलमुळे हे सगळं होतं असं रीलमध्ये सांगतात ते खरं का?

ताई, रक्तापासून सुरू करतो, कारण तिथं पैसे फुकट जातात. डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन. मेंदूतलं डोपामिन सांगणारी रक्ततपासणी नाही. रक्तात डोपामिन असतं, पण ते मेंदूबाहेरच्या नसांमधून, आतड्यांतून, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून आलेलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणीसारखा पडदा आहे, तो डोपामिनला आत घेत नाही. त्यामुळे बाहेरच्या आकड्यावरून आतलं काही कळत नाही. मध्यंतरी एक गृहस्थ कुठल्याशा लॅबचा रंगीत रिपोर्ट घेऊन आले. डोपामिनच्या पुढे लाल बाण. मी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर त्यांना जिलबीसारखं गोल गोल चक्र काढायला सांगितलं. उजव्या हाताची जिलबी नीट, डाव्या हाताची दातेरी आणि आकसलेली. पुढच्या बाजूपेक्षा त्या मागच्या बाजूनं मला जास्त सांगितलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. हुक्केरी-गोकाककडच्या माणसाला मी तो हिडकल धरणाच्या पाण्यावरून समजावतो. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान आहे त्याच्याकडे पाणी मुरून मुरून माती पांढरी पडते, मीठ फुटतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाचा ऊस त्याच उन्हाळ्यात वाळतो. धरणात आज किती टीएमसी आहे हे पेपरात वाचून या दोघांच्या रानाचं काही कळतं का? मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या डोपामिन बनवणाऱ्या जेमतेम चार ते सहा लाख. मूठभर पेशी, पण त्यांचे पाट लांब जातात. एक पाट हालचाल सांभाळणाऱ्या भागाकडे जातो. दुसरा, कशाची ओढ धरायची आणि कशाला महत्त्व द्यायचं हे ठरवणाऱ्या भागाकडे. तिसरा कपाळामागे, जिथं माणूस बेत करतो, मन लावतो. चौथा अगदी आखूड, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडे. तुमच्या वडिलांचा पहिला पाट आटलाय. आतेभावाच्या दुसऱ्या पाटाचं पाणी बांध फोडून वाहतंय, आणि त्याच्याच तिसऱ्या पाटाला बहुधा पाणी पुरत नाही. म्हणजे एकाच डोक्यात कमीही आणि जास्तही. ‘असंतुलन’ म्हटलं की तराजू डोळ्यासमोर येतो, म्हणून मला तो शब्द फारसा मानवत नाही.

हे सगळं कळलं कसं, याची गोष्ट आपल्या रानातून जाते. खानापूरच्या जंगलात सर्पगंधा असते. वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिच्या मुळीचा उपयोग होतो, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. पण हे औषध घेणारे काही जण मंद, ताठर व्हायचे, थेट कंपवातासारखे. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, तर ससे कान पाडून मुटकुळं करून बसले. मग मेंदूत जाऊन डोपामिन होणारं लेव्होडोपा टोचलं आणि तेच ससे उठून हिंडायला लागले. हे १९५७ साल. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं काहीतरी बनवतानाचा कच्चा माल, एवढीच त्याची किंमत होती. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या हॉर्निकीविच यांनी कंपवातानं वारलेल्यांचे मेंदू तपासले, तर हालचालीच्या भागात डोपामिन जवळपास संपलेलं. १९६७ ते १९६९ या काळात अमेरिकेत कोत्झियास यांनी तोंडानं लेव्होडोपा हळूहळू वाढवत देऊन माणसं चालती केली. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २००० मध्ये. वडिलांच्या उशाशी जी गोळी आहे, ती त्या सशांची.

कंपवात म्हटलं की लोक थरथर बघतात. मी आधी मंदपणा बघतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक क्लार्क आले होते. तक्रार हाताची नव्हतीच, पतसंस्थेनं सही जुळत नाही म्हणून त्यांचे ठेवीचे पैसे अडवले होते. जुन्या पासबुकावरची सही आणि आताची सही शेजारी ठेवली. वळण तेच, वेलांटी तीच, पण नवी सही पुढं पुढं जात मुंगीएवढी झालेली. बायको म्हणाली, “दोन वर्षं फोडणी जळली तरी ह्यांना वास येत नाही, आणि रात्री झोपेत लाथा मारतात.” हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून हे चालू असतं, बद्धकोष्ठही असतं. लक्षण दिसेपर्यंत मेंदूतल्या, डोपामिन बनवणाऱ्या काळ्या ठिपक्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात.

डोपामिन पडद्यातून आत जात नाही, म्हणून आम्ही लेव्होडोपा देतो. ते आत जाऊन डोपामिन होतं. बाहेरच्या बाहेर त्याचं डोपामिन होऊन मळमळ होऊ नये म्हणून त्याच गोळीत कार्बिडोपा असतं. पण लेव्होडोपा ज्या दारानं आत जातं, त्याच दारानं प्रथिनांचे घटकही जातात. चिकोडीकडचे एक आजोबा गोळी लागत नाही म्हणून तीनदा डोस वाढवून आले होते. विचारता विचारता कळलं, पहाटे धार काढली की तिथंच गोठ्यात तांब्याभर म्हशीचं दूध आणि त्याच घोटाबरोबर गोळी. दूध बंद केलं नाही, करायला लावलं असतं तर त्यांनी गोळीच सोडली असती. गोळी उठल्याउठल्या पाण्याबरोबर, दूध तासाभरानं. वाढवलेला डोस महिन्यात उतरवला. तुमच्या वडिलांचंही एवढं आधी बघा: जेवणाआधी किमान अर्धा तास, किंवा जेवून तासाभरानं. आणि गोळी एकाएकी बंद करू नका. वारीला निघालेल्या माणसाच्या गोळ्या वाटेत संपल्या आणि दोन दिवसांत तो लाकडासारखा ताठ होऊन तापानं फणफणला, असं मी बघितलंय. ते जिवावर बेततं.

आता आतेभाऊ. त्याच्या मेंदूत महत्त्वाचा शिक्का कुठंही उमटतोय. शेजारचा खोकला, बसचा नंबर, समोरच्यानं चष्मा पुसणं, तुम्हाआम्हाला जे जाणवतसुद्धा नाही, ते त्याला स्वतःसाठी दिलेला इशारा वाटतं. त्या इशाऱ्यांचा अर्थ लावता लावता ‘माझ्या मागे लागलेत’ तयार होतं. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधानं असे भास कमी होतात हे दिसलं. ते आलं होतं भूल देताना वापरायला. ते आणि त्याच्यासारखी औषधं डोपामिन ज्या कुलपात बसतं ते कुलूप अडवतात, हे कळायला आणखी दहा-वीस वर्षं गेली. पण कुलूप सगळीकडे सारखंच. साधारण ६५ टक्के कुलपं अडली की भास ओसरायला लागतात, ८० टक्क्यांच्या वर गेलं की हालचालीचा पाटही अडतो आणि माणूस कंपवाताच्या रोग्यासारखा दिसायला लागतो. हात थरथरतात, चेहरा कोरा होतो, चालताना हात हलत नाहीत.

म्हणून आत्याला सांगा, या थरथरीचा घराण्याशी बहुधा काही संबंध नाही. वडिलांचा आजार वेगळा, याची थरथर बहुधा गोळीची. गोळीची थरथर बऱ्याचदा दोन्ही हातांना बरोबरच सुरू होते आणि डोस चढवल्यावर काही आठवड्यांत दिसते. वडिलांची एका बाजूनं सुरू झाली असेल, आठवून बघा. यावर उपाय आहेत. डोस उतरवणं, औषध बदलणं, थोडे दिवस जोडीला दुसरी गोळी देणं, हे त्याचे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. तुम्ही परस्पर बंद केलंत तर थरथर जाईल आणि आजार परत येईल. तो घुम्यासारखा बसून राहतो, अंघोळ नको म्हणतो, हे मात्र या गोळ्यांनी फारसं सुटत नाही. तिथं घरच्यांचा धीर आणि त्याला झेपेल असं काम लागतं. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन यायचं असेल तर जरूर जा, गोळ्यांचा डबा बरोबर न्या. निपाणीहून बेळगाव जवळ आहे, आणि अडलंच तर धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लागतो, कन्नड नको असेल तर तसं सांगा.

आता पिशवी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी पिशवीत भरून आणा आणि टेबलावर ओता. संकेश्वरकडच्या एका आजींना कंपवात झालाय म्हणून आणलं होतं. “कैय नडगाकत्यावरी,” त्या म्हणाल्या, म्हणजे हात थरथरतायत. घरात मराठी, माझ्यापुढं मात्र दुखणं कन्नडमधून. दोन्ही हात थरथरत होते, ओठ सशाच्या ओठांसारखे हलत होते. पिशवी ओतली. बीपीची गोळी, गुडघ्याची गोळी, आणि रोज सकाळी अनशापोटी घ्यायची ‘गॅसची’ कॅप्सूल. अडीच वर्षं, मेडिकलवरून परस्पर. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात बघितलं, तर ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड. हे मूळचं डोपामिन अडवणारं औषध. पोट हलतं राहावं म्हणून ॲसिडिटीच्या गोळीत मिसळतात. ती कॅप्सूल थांबवली. दुसरं काही दिलं नाही. चार महिन्यांनी आजी स्वतः चहाची कपबशी धरून दाखवायला आल्या.

आमच्या भागात हे किती होतं हे मी आकड्यात सांगणार नाही, पण नवा कंपवात म्हणून आलेल्याची पिशवी बघितल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही, यावरून समजा. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, ही त्याच जातीतली. चार दिवस घेतली तर सहसा बिघडत नाही, म्हातारपणी महिनोन्महिने घेऊ नयेत. मेटोक्लोप्रामाइड तुमच्या वडिलांना तर नकोच, तसं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फाइलला टाचा. उलटीवर त्यांच्यासाठी डोमपेरिडोन चालतं, ते मेंदूत फारसं जात नाही, पण हृदयाचा काही त्रास असेल तर आधी विचारा.

चौथ्या, आखूड पाटाचं काम पिट्युटरीतल्या प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या संप्रेरकाला, दाबून ठेवणं. हीच औषधं तो पाट अडवतात तेव्हा प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी थांबते, छातीतून दूध येतं. एका लग्नाच्या मुलीला असं झालं आणि घरात काय काय बोललं गेलं ते इथं लिहवत नाही. गोळी बदलल्यावर दोन महिन्यांत सगळं जागेवर आलं. बोललेलं मात्र राहिलं. गोळी लिहून देताना हे आधी सांगायला अर्धा मिनिट लागतो, आणि आम्ही डॉक्टर तो अर्धा मिनिट वाचवतो.

उलट बाजूचंही सांगतो. कंपवातात लेव्होडोपाशिवाय प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधं देतात. ती डोपामिनचं सोंग घेऊन कुलपात बसतात. एक निवृत्त शिक्षक, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेले. गोळी सुरू झाल्यावर सात-आठ महिन्यांत मटका लावायला लागले, पुढं मोबाईलवर रमी. मुलाला कळलं तोवर एक एफडी मोडली होती. ते मला म्हणाले, “डॉक्टर, चुकतंय हे कळूलालंय, पण हात थांबत नाही.” गोळी हळूहळू उतरवली आणि मटका सुटला. हालचालीच्या पाटाला सोडलेलं पाणी ओढीच्या पाटातही गेलं होतं. वडिलांच्या पाकिटावर यातलं नाव असेल तर त्यांच्या पैशाकडे, खाण्याकडे, खरेदीकडे जरा लक्ष ठेवा. लाजेनं माणूस स्वतःहून सांगत नाही.

मोबाईलचं आता. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर दाखवलं, की रस मिळण्याची खूण कळली की डोपामिनच्या पेशी खुणेलाच पेटतात, रस आला तरी पुन्हा पेटत नाहीत, आणि रस आलाच नाही तर गप्प होतात. म्हणजे हे सुखाचं द्रव्य नव्हे, अपेक्षेचा हिशेब ठेवणारं आहे. पुढची रील बरी असेल या आशेवर अंगठा वर जात राहतो तो यामुळे. पण मोबाईलनं डोपामिन ‘संपत’ नाही, एक दिवस फोन कपाटात ठेवून ते ‘भरत’ही नाही, आणि मोबाईलमुळे कंपवात किंवा स्किझोफ्रेनिया होतो याला आधार नाही. आतेभावाबद्दल काळजी करायचीच तर गांजाची करा, कॉलेजच्या पोरांमध्ये तो भास सुरू करू शकतो आणि वाढवतो. निपाणीची तंबाखूही याच ओढीच्या पाटावर चालते. तिथले लोक मला हमखास विचारतात, “डॉक्टर, विडी ओढणाऱ्याला कंपवात कमी होतो म्हणे?” पाहण्यांमध्ये तसं दिसतं खरं. पण निकोटिन देऊन बघितलं तेव्हा कंपवात थोपला नाही, आणि विडीनं जे बाकीचं होतं ते निपाणीकराला मी काय सांगू.

बाकीचे आजार झटपट. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशा बायकांमध्ये बऱ्याचदा लोह कमी असतं. डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून ते ७५ च्या खाली असेल तर आधी लोह द्यावं. मुलांमधल्या एडीएचडीत, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांत, डोपामिनबरोबर नॉरॲड्रेनालिनही गुंतलेलं आहे. नैराश्यात डोपामिन हा एक धागा, सगळं सूत नव्हे.

एक आजार मात्र झटपट उरकवत नाही, कारण तो थोड्या औषधानं पुरता आटोक्यात येतो. खानापूरकडची नऊ वर्षांची मुलगी. सकाळी शाळेत धावत जायची, दुपारनंतर पाय आत वळायचे, संध्याकाळी चवड्यांवर चालायची. ‘सेरेब्रल पाल्सी’ असा शिक्का बसून पाच वर्षं मालिश चालू होतं. आई म्हणाली, “झोपून उठली की चांगली असते.” त्या एका वाक्यावर मी लेव्होडोपाची पाव गोळी दिली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती अंगणात सपाट पावलांनी चालली. या आजाराला सेगावा या जपानी डॉक्टरांचं नाव आहे. जनुकातल्या दोषामुळे डोपामिन बनवायची एक पायरी अडखळते. पेशी शाबूत असतात, म्हणून थोडंसं औषध वर्षानुवर्षं पुरतं. दिवस चढेल तसं वाढणारं आणि झोपेनंतर उतरणारं लंगडणं कुणाच्या घरात असेल तर एकदा दाखवा.

खाण्याचं: डोपामिनचा कच्चा माल टायरोसिन. तो डाळी, शेंगदाणे, दूध यांत भरपूर असतो. भाकरी-आमटी खाणाऱ्याला तो कमी पडत नाही, आणि जास्त खाल्ला म्हणून कारखाना जास्त गाळत नाही. खाजकुयलीच्या बियांत मात्र खरंच लेव्होडोपा असतं, मद्रासमध्ये १९३७ सालीच ते वेगळं काढलं होतं. म्हणूनच वडिलांना तिची पूड गोळीवर चढवू नका. चमच्यात किती गेलं ते कळत नाही आणि अंग वेडंवाकडं हलायला लागतं. घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

राहिली सोप्यातली मुलं. कंपवात जुना झाला की असं दिसतं, बहुतेक तिन्हीसांजेलाच, उजेड कमी असताना. कधी आजारानं, कधी गोळ्यांनी. आधी लघवीत इन्फेक्शन आहे का, पाणी कमी पितात का, पोट साफ आहे का ते बघा. नव्यानं कुठली गोळी सुरू झालीय का तेही बघा, झोपेची किंवा सर्दीची असली तरी. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर डॉक्टर सहसा तीच आधी उतरवतात, लेव्होडोपा सगळ्यात शेवटी. कुणी भासावर हॅलोपेरिडोलचं इंजेक्शन सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. आतेभावाला जे तारतं तेच वडिलांना अंथरुणाला खिळवेल. फारच गरज पडली तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिनसारखी औषधं फार थोड्या डोसात देतात. तोवर सोप्यात दिवेलागणीच्या आधीच मोठा दिवा लावा, खुंटीवरचे कपडे काढा. वडिलांना त्या मुलांची भीती वाटते का ते विचारा. माझ्या एका रोग्याला वाटत नव्हती, तो बायकोला त्यांच्यासाठी चुरमुरे आणायला सांगायचा.